गाडी कुणाच्या नावावर

रुग्णवाहिकेत ड्रायव्हरच्या पाठीमागे एक छोटी सरकती काच असते. त्या काचेतून मी अकरा वर्षं एका माणसाची मान पाहिली. मी मागे पेशंटजवळ बसायचो, ते पुढे स्टीअरिंगवर. इस्पितळात त्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. रुग्णवाहिका चालवणाऱ्याला हे नाव म्हणजे थट्टाच, आणि थट्टेतूनच ते पडलं होतं. आत मोडक्या हाडाचा पेशंट असला की ते खड्ड्यात गाडी अशी उतरवायचे की टांगलेली सलाइनची बाटलीसुद्धा हलायची नाही. कधी माझा धीर सुटायचा. “भाऊ, जरा दाबा ना!” मी ओरडायचो. ते मान न वळवता म्हणायचे, “तू आत बघ. बाहेरचं माझ्याकडे.”

मी त्यांना भाऊ म्हणतो. बत्तीस वर्षं चालवली त्यांनी गाडी, एका ओरखड्याशिवाय. निवृत्त झाले तेव्हा कंबर गेलेली, क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलेला. “आता पुरे,” म्हणाले. “आता कुणी मला न्या.” पण दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हटलं तरी त्यांच्या जिवावर यायचं. त्यामुळे घरीच असायचे.

त्यांना एकच मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. अक्का तरुणपणीच परदेशी गेल्या, पडद्यांच्या कारखान्यात शिलाईला लागल्या, तिथेच लग्न केलं, तिथल्याच झाल्या. मूलबाळ नाही. नवरा त्याआधीच गेलेला. दोनेक वर्षांपूर्वी त्या घराच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तिथल्या इस्पितळाने आत सळई घातली आणि नवव्या दिवशी घरी पाठवलं. फोनवर अक्का म्हणायच्या, “बरं आहे माझं. चालते की मी.” भाऊ विश्वास ठेवायचे. मग एक दिवस शेजारणीचा फोन आला. त्या बाईंची भाषा भाऊंच्या मुलीला समजायची, तिने ऐकून घेतलं. बहीण अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, सात आठवडे उंबऱ्याबाहेर पडलेली नाही, असं बाई म्हणत होत्या. भाऊंनी लगेच अक्कांना फोन लावला. अक्का म्हणाल्या, “मला घेऊन जा रे.”

अक्कांना अर्ध्या तासाच्या वर बसवत नव्हतं. त्यांच्या गावाहून विमानतळ बसने सहा तासांवर. बसमध्ये बाकाला पाठ लावून सहा तास, हे शक्यच नव्हतं. मुलगी म्हणाली, गाडी ड्रायव्हरसकट ठरवू. भाऊ म्हणाले, “नाही. सळई बसवलेल्या हाडाचा पेशंट मी अनोळखी माणसाच्या ब्रेकवर सोडणार नाही. गाडी मी चालवीन.” मुलीने परदेशात चालवायचा परवाना काढून दिला, विमानतळावरून भाड्याची गाडी ठरवली, तिच्या कार्डवरून पैसेही भरले. सोमवारी सकाळी उतरायचं, शनिवारी संध्याकाळी अक्कांना घेऊन परतीचं विमान, त्यात अक्कांना आडवं होता येईल अशी जागा. कागदांची एक प्लॅस्टिकची फाइल केली, आणि असू दे म्हणून त्यात भाऊंचं बत्तीस वर्षं बिनअपघात सेवेचं प्रमाणपत्रही घातलं.

भाऊ विमानातून उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. गाड्या देणाऱ्या कंपन्यांच्या खिडक्या एका लांबलचक दालनात ओळीने होत्या. आपल्या खिडकीपुढे भाऊ अर्धा तास उभे राहिले. नंबर आला. आतली मुलगी हसतमुख होती. तिने पासपोर्ट पाहिला, परवाना पाहिला, बुकिंगही सापडलं.

“आता क्रेडिट कार्ड द्या.”

“पैसे भरलेत. माझ्या मुलीने भरलेत.” कामापुरती तिकडची भाषा भाऊंनी महिनाभर वहीत लिहून पाठ केली होती.

“हो, ते दिसतंय मला. पण कार्ड गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं. गाडीला काही झालं तर म्हणून आम्ही त्याच्यावर रक्कम अडवून ठेवतो.”

भाऊंनी आपलं बँकेचं कार्ड दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. “हे डेबिट आहे.”

“त्यात पैसे आहेत.”

“असतील. पण हे आमच्याकडे चालत नाही.”

“मग रोख घ्या. हवी तेवढी अनामत ठेवा.”

“रोख आम्हाला घेताच येत नाही हो.”

भाऊंच्या मागे रांग वाढत होती. काय सुचलं कोण जाणे, त्यांनी फाइलमधून ते प्रमाणपत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिला ती लिपी वाचता येत नव्हती. तरी तिने दोन ओळींवरून नजर फिरवली, खालचा गोल शिक्का पाहिला आणि कागद दोन्ही हातांनी परत दिला. “मला खरंच वाईट वाटतं,” म्हणाली. भाऊ मला सांगत होते, “रागावली असती ना, तर मी भांडलो तरी असतो.”

क्रेडिट कार्ड त्यांच्याकडे का नव्हतं, याचीही एक गंमत आहे. मुलीच्या आग्रहाने ते निघायच्या आधी बँकेत गेले होते. तिथली बाई संगणकात बघून म्हणाली, “काका, तुम्ही आयुष्यात कधी कर्जच घेतलेलं नाही. त्यामुळे तुमचा इतिहास नाही. इतिहास नसलेल्याला कार्ड मिळत नाही.” हे मला सांगताना भाऊंचा आवाज चढला होता. “अरे, तीन बाळंतपणं माझ्या गाडीत झाली. पुरात कमरेएवढ्या पाण्यातून मी डायलिसिसचे पेशंट काढले. आणि मला इतिहास नाही!”

पुढच्या खिडकीवर टाय लावलेल्या माणसाने मान वर न करताच नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या खिडकीवर डेबिट कार्ड चालत होतं, पण फक्त तिथे राहणाऱ्यांचं. चौथीवर पाटी लावून माणूस जेवायला गेलेला. सगळीकडे नन्नाचा पाढा. चौथीवरचा माणूस परत येईपर्यंत भाऊ उभे राहिले. त्यानेही तोच प्रश्न विचारला, तेव्हा भाऊंनी खिशात हातसुद्धा घातला नाही.

एका बाकड्यावर बसून त्यांनी मुलीला फोन केला. ती रडकुंडीला आली. “बाबा, माझंच चुकलं. नियम मी नीट वाचलेच नाहीत. तुम्ही तिथून हलू नका, मी बघते काहीतरी.” तासाभराने तिचा फोन आला की काही होत नाही. भाऊ म्हणाले, “असू दे गं. तू आता कामाला लाग.” मग ते मुतारीत जाऊन तोंड धुऊन आले आणि त्यांनी जो फोन लांबवला होता तो लावला.

“कुठवर आलास?” अक्का म्हणाल्या.

“विमानतळावरच आहे. गाडी देत नाहीत.”

“कुणाला?”

“मला.”

पलीकडून एक चमत्कारिक आवाज यायला लागला. भाऊंना वाटलं, अक्का रडते आहे. त्या हसत होत्या. हसता हसता ठसका लागला.

“तुला गाडी देत नाहीत? तुला?”

“क्रेडिट कार्ड पाहिजे म्हणतात.”

“एवढंच ना? ते माझ्याकडे आहे की. लायसन्सही आहे चालू, अजून दोन वर्षं.”

“तुझं काय उपयोगाचं? ज्याचं कार्ड, तो माणूस समोर उभा लागतो.”

“मग मी येते.”

“कशी येशील?”

“तू गाडी घेऊन ये,” अक्का बोलून गेल्या आणि स्वतःच थांबल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “गावातही देतात गाड्या. गॅरेजवाल्याचाच धंदा आहे तो. गाडी इथे घ्यायची, विमानतळावर सोडायची. दोन चौक पुढे आहे दुकान.”

“आणि तू दोन चौक येशील?”

“बस किती वाजता आहे ते बघ,” म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

बसमध्ये ते सहा तास भाऊंच्या अंगावर आले. बत्तीस वर्षं स्टीअरिंगवर बसलेला माणूस तो, त्याला खिडकीशी बसवलेलं. समोर वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबायचा. तो ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर ब्रेक असा मारायचा की माणसं पुढच्या बाकावर आदळत. भाऊ मनातल्या मनात अक्कांना त्या बसमध्ये बसवून बघत होते आणि प्रत्येक धक्क्याला डोळे मिटत होते. मध्ये एकदा बस बदलावी लागली. अंधार पडायच्या बेताला ते अक्कांच्या दाराशी पोचले, तेव्हा त्यांना स्वतःची बॅग तीन पायऱ्या चढवणंही नको झालं होतं.

दार शेजारणीने उघडलं आणि ती आत न थांबता निघून गेली. बाहेरच्या खोलीत आणून टाकलेला पलंग, उशाशी गोळ्यांची रिकामी पाकिटं, अर्धवट प्यालेले तीन पेले, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला चालायचा ॲल्युमिनियमचा घोडा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. पलंगावर अक्का. “मी आधी पांघरूणच पाहिलं,” भाऊ म्हणाले. “मग त्यात ती आहे हे कळलं.”

“म्हातारा झालास रे,” अक्का म्हणाल्या.

“तू काय कमी झालीस?”

भाऊंनी चहा केला. अक्का अर्धा प्याल्या. मग भाऊ सोफ्यावर पाय बाहेर काढून जे पडले ते सकाळी उठले.

मंगळवारी ते एकटेच दुकान बघून आले. खरंच दोन चौक. त्यांनी पावलं मोजली, चारशे वीस. गॅरेजच्या बाजूला काचेची एक खोली, आत एक जाडा माणूस, नखांत काळं वंगण. गाडी होती. दुसरा ड्रायव्हर लावायलाही हरकत नव्हती. पण ज्या बाईंच्या नावावर गाडी द्यायची त्या बाई, त्यांचं कार्ड आणि त्यांची सही इथे, या टेबलापुढे हवी.

“त्या आजारी आहेत. तुम्ही घरी याल का? दोन चौक तर आहे.”

जाड्याने कार्डचं यंत्र उचलून दाखवलं. त्याची वायर भिंतीत गेलेली. “हे येत नाही ना घरी,” तो म्हणाला.

भाऊंनी परत येऊन सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, “उद्या जाऊ.”

बुधवारी म्हणाल्या, “आज पाय सुजलाय.” भाऊंनी पाय पाहिला. सुजलेला नव्हता. मग ते दिवसभर कपाटं आवरत बसले, काय न्यायचं आणि काय शेजारणीला द्यायचं ते विचारत राहिले. अक्का प्रत्येक वस्तूला “बघ तुझं तू” म्हणत होत्या. ताटात वाढलेलं दोन घास खाऊन बाजूला सारत होत्या.

गुरुवारी सकाळीही त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. “जमणार नाही मला. तू जा परत. उगाच तुझी फरफट.”

भाऊ कुणावर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, “अक्का, मी जन्मभर माणसं उचलून नेली. तुलाही नेईन. खांद्यावर टाकून नेईन. पण उचलून आणलेल्या बाईला तो गाडी देईल का? तू चालत गेलीस तरच तो विश्वास ठेवेल. मला इथे कुणी ओळखत नाही गं. माझ्या नावावर इथे सायकलसुद्धा मिळणार नाही. जे काही आहे ते तुझ्या नावावर आहे.”

अक्का वळल्या. “केस विंचर माझे,” म्हणाल्या. “असल्या अवतारात मी जायची नाही.”

भाऊंनी आयुष्यात कुणाचे केस विंचरले नव्हते. मुलीचेसुद्धा नाही. कित्येक आठवड्यांचा गुंता होता. ते टोकापासून सोडवत वर आले, त्यातच पाऊण तास गेला. अक्का मध्ये मध्ये “हळू रे” म्हणत होत्या आणि ते “हो, हो” करत होते.

तीन पायऱ्या उतरायला दहा मिनिटं लागली. पेशंटला उतरवताना करतात तसं भाऊ तोंड अक्कांकडे करून पुढे, उलटे चालत. “समोरून बाजूला हो,” अक्का खेकसल्या, “मला रस्ता दिसत नाही.” मग ते बाजूने चालले, हात लावायचा नाही पण कधीही लावता येईल इतक्या अंतरावर. घोडा पुढे, एक पाय, दुसरा पाय, थांबायचं. पहिल्या चौकाआधीच अक्कांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. एका दुकानाच्या ओट्यावर टेकल्या. पुढे बसथांब्याच्या बाकड्यावर. खिळे-कुलपं विकणाऱ्या एका माणसाने न सांगता आतून खुर्ची आणून फुटपाथवर ठेवली. तो अक्कांना ओळखत होता. “बऱ्याच दिवसांनी दिसलात,” म्हणाला. “हो, जरा कामात होते,” अक्का म्हणाल्या.

चारशे वीस पावलांना पन्नास मिनिटं लागली.

काचेच्या खोलीत जाड्याने त्यांना आपली खुर्ची दिली. “गाडी कोण घेणार?”

“मी.”

त्याने लायसन्स पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, मग घोड्याकडे. “म्हणजे आपण चालवणार?”

“मुख्य चालक मी,” अक्का ताठ बसून म्हणाल्या. “दमले तर भाऊ चालवेल. ती सोय असते ना तुमच्याकडे?”

जाड्याने ओठ दाबले. “असते,” म्हणाला आणि फॉर्म पुढे सरकवला. दुसऱ्या चालकाच्या रकान्यात नाव, परवान्याचा नंबर, नातं. अक्कांनी सगळं स्वतः लिहिलं. मग कार्ड यंत्रात घातलं. यंत्राने चार आकडे मागितले. अक्कांनी दाबले. चूक. पुन्हा दाबले. पुन्हा चूक.

“तिसऱ्यांदा चुकला तर कार्ड बंद पडेल,” जाडा म्हणाला, सांगणं भाग म्हणून.

भाऊ खुर्चीशी वाकले. “आठव अक्का. कुठे लिहून ठेवलाय का?”

“गप बस जरा.” अक्कांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि यंत्राकडे न बघता, शिवणयंत्राखाली कापड सारावं तशी बोटं चालवली. आतून कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली.

“बघितलं की विसरायला होतं,” अक्का म्हणाल्या.

परत जाताना चालायचं नव्हतं. छोटी पांढरी गाडी दारातच उभी होती. भाऊ सवयीने भलत्याच बाजूला जाऊन दार उघडून बसले, तर पुढे स्टीअरिंगच नाही; तिकडे ते डाव्या बाजूला. जाड्याने शिस्तीत तिकडे पाठ केली. शुक्रवारभर भाऊंनी गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर एकट्याने फेऱ्या मारून हात बसवला. शनिवारी सकाळी शेजारची सीट पूर्ण मागे पाडली, खाली तीन उशा आणि घोंगडी, आणि अक्कांना तिच्यावर निजवलं. शेजारीण दाराशी उभी होती. अक्कांनी तिला किल्ली दिली आणि डोळे मिटून घेतले. गाडी वळेपर्यंत उघडले नाहीत.

भाऊ दर चाळीस मिनिटांनी थांबत होते. पहिल्यांदा वळताना दिवा लावायच्या ऐवजी कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. “ऊन पडलंय रे,” अक्का पडल्या पडल्या म्हणाल्या. भाऊंची नजर सारखी आरशात जायची. आरशात मागची रिकामी सीट. पेशंट शेजारी असायची त्यांना सवय नव्हती.

अर्धा रस्ता झाल्यावर त्यांनी विचारलं, “तू जेवत का नव्हतीस? चव गेली होती का?”

“चव कसली जातेय.” अक्का वर गाडीच्या छताकडे बघत होत्या. “खाल्लं की उठावं लागायचं ना. संडासापर्यंत अकरा पावलं. जायला इतकं दुखायचं की मी ठरवलं, खायचंच कमी. पाणीही कमी. मग उठायचं कमी झालं. मग उठायचं बंदच झालं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तुझी बहीण संडासला घाबरते म्हणून?”

भाऊ अजून मला म्हणतात, बत्तीस वर्षांत इतके पेशंट वाहून नेले, पण ते घरी परत गेल्यावर पुढे काय होतं, ते एकदाही मनात आलं नाही.

विमानतळावर गाडी परत घेणारा माणूस हातातल्या पडद्यावर फोटो काढत गाडीभोवती दोनदा फिरला, वाकून चाकं पाहिली. ओरखडा नव्हता. “सही कुणाची?” त्याने विचारलं. अक्का तोवर चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. अक्का भाऊंच्या घरी मागच्या खोलीत राहतात. काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. जेवतात. पण इथलं त्यांना काही आवडत नाही. पाण्याला वास येतो, लोक फार मोठ्याने बोलतात, दुपारी झोप लागत नाही. चिडल्या की त्या भाऊंशी चुकून तिकडच्या भाषेत भांडतात आणि भाऊ मला म्हणतात, “बरं आहे, मला निम्मं कळत नाही.” मुलगी नोकरीवर जाते. दिवसभर दोघंच घरात, दोघंही थकलेले, आणि दोघांनाही दुसऱ्याला उठवायचा कंटाळा.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. भाऊ बाहेर बाकड्यावर बसले होते, डावा पाय लांब करून. आणखी बारीक झालेत. मी विचारलं, “भाऊ, पश्चात्ताप होतो का कधी? तिकडेच कुणी बाई ठेवून दिली असती तर?”

“दमतो रे,” ते म्हणाले. “फार दमतो. पण ती आता दोन वेळा जेवते, आणि आपण होऊन उठते.”

आतून अक्कांनी हाक मारली. चार वाजता त्यांना व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि त्यांना त्यांची चप्पल सापडत नव्हती. भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, “येतेस का विचारू नको तिला, नाहीतर ती म्हणेल उद्या जाऊ,” आणि आत गेले.